चिखलात वेळ जातो म्हणणाऱ्यांना

टेक्ससमधल्या शुगर लँडमध्ये चार मराठी घरं जेवायला एकत्र आली आणि विषय मिडल स्कूलकडे वळला, की ‘प्रोजेक्ट’चं नाव कपाळाला आठ्या घालूनच निघतं. आठवीत अल्जेब्रा पदरात पडला तर हायस्कूलचं क्रेडिट मिळतं. वसंतात राज्याची ‘स्टार’ परीक्षा डोक्यावर असते. कुमॉन आहे, पोहणं आहे, मराठी शाळा आहे. यात पुठ्ठे कापत बसायला वेळ कुणाला? आणि शेवटी पुठ्ठा कापतं तरी कोण? मूल झोपलेलं असतं आणि एसएलबी किंवा फ्लोर कंपनीत दिवसभर डोकेफोड करून आलेला बाप रात्री अकराला हॉट ग्लूने ज्वालामुखी चिकटवत असतो.

ही तक्रार खोटी नाही. तीन घड्यांच्या पांढऱ्या बोर्डावर छापील मथळे चिकटवून उभं केलेलं बरंचसं विज्ञान मलाही निरर्थक वाटतं. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फेस येणार, हे मुलाला, बाईंना आणि बापाला आधीपासून माहीत असतं. जे चुकूच शकत नाही त्याला प्रयोग का म्हणायचं? विकत आणलेल्या किटचीही तीच गत. पण यावरून हाताने शिकणं हाच वेळेचा अपव्यय, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझा वाद आहे.

त्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा ते स्वतः क्वचितच मांडतात, म्हणून तो मीच मांडतो. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या तिघांनी २००६ साली एका गाजलेल्या शोधनिबंधात म्हटलं, की नवशिक्याला फारसं मार्गदर्शन न करता ‘तुझं तूच शोध’ म्हणून सोडून दिलं तर तो शिकत नाही, गोंधळतो. माणसाची कार्यकारी स्मृती तोकडी असते. एकाच वेळी दहा नव्या गोष्टी तिथे मावत नाहीत. आधी नीट शिकवा, मग शोधायला पाठवा. हे मला पटतं. पण त्यांचा रोख मार्गदर्शनाच्या अभावावर आहे, हातांवर नाही. पुढच्याच वर्षी हमेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं, की नीट आखलेल्या प्रकल्पात शिक्षकाचा आधार पायरीपायरीला असतो. त्याला वाऱ्यावर सोडणं म्हणता येत नाही.

मराठी माणसाला याचा दाखला शोधायला अमेरिकन नियतकालिकं चाळण्याची गरज नाही. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत ‘ढ’ ठरलेली पोरं तिथे जमिनीचा विद्युतरोध मोजून विहिरीची जागा सुचवू लागली. रोध मोजायचा तर ओहमचा नियम कळावाच लागतो, आणि अंदाज चुकला तर विहीर कोरडी जाते. कलबागांनी पोरांना मोकाट सोडलं नव्हतं. पण उत्तर बरोबर की चूक, हे शेवटी जमीन सांगत असे.

तशीच जमीन शुगर लँडला पायाखाली आहे. फोर्ट बेंड काउंटीच्या मोठ्या भागात जी चिकट ‘गंबो’ माती आहे, ती मृदाशास्त्राच्या वर्गवारीत व्हर्टिसॉलमध्ये मोडते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीनही त्याच गणातली. पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. म्हणून तर इथे ऑगस्टमध्ये घराच्या पायाभोवती पाझरणारी नळी टाकून माती ओली ठेवतात. नाहीतर स्लॅब हलतो आणि भिंतीला चीर जाते. आता या मातीचा दिवाळीचा किल्ला करा. तो तडकणारच. नेमका किती तडकेल? एका लांबट साच्यात ओली माती दाबून भरायची, वाळवायची आणि लांबी किती घटली ते मोजायचं. मग मातीत चौथाई वाळू घालून पुन्हा, निम्मी घालून पुन्हा. टेक्ससच्या वाहतूक खात्याची रस्त्याखालच्या मातीसाठी याच धर्तीची प्रमाणित चाचणी आहे, टेक्स-१०७-ई. टक्केवारी, सरासरी, आलेख, सगळं यात येतं. ज्या अल्जेब्रासाठी जीव टाकला जातो, तोही. आणि उत्तर बापाला ठाऊक नसल्याने रात्री अकराला तो ते चिकटवू शकत नाही. (घरासमोर मातीचा ढिगारा दिसला म्हणून घरमालक संघाची, म्हणजे एचओएची, चिठ्ठी येईल, तेवढी सोसावी.)

पावसाचंही तसंच. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी चक्रीवादळ आलं आणि त्याच्या पाठोपाठ रिचमंडजवळ ब्राझोस नदी ५५.१९ फुटांपर्यंत चढली, तेव्हा बंधाऱ्यांच्या आतल्या कित्येक वसाहतींना जागा सोडावी लागली. आज सातवीत असलेली मुलं तेव्हा अगदी लहान होती. बंधारा त्यांना सायकल चालवायचा उंचवटा म्हणूनच माहीत. कोलोरॅडोत १९९७ च्या फोर्ट कॉलिन्सच्या पुरानंतर, १९९८ मध्ये, सामान्य लोकांनी अंगणात पर्जन्यमापक ठेवून रोज नोंद करायची ‘कोकोराझ’ ही योजना निघाली; टेक्ससही तिच्यात आहे, म्हणजे इथलं मूलही ती नोंद ठेवू शकतं. तिच्यातली मला आवडलेली शिस्त अशी, की पाऊस पडला नाही तरी शून्य लिहायचं. बोर्डावर शून्य कुणी चिकटवत नाही.

‘परीक्षेला काय उपयोग?’ या आक्षेपाला उत्तर अभ्यासक्रमातच आहे. सहावी ते आठवीच्या विज्ञानाचा निदान ४० टक्के वेळ प्रयोग आणि प्रत्यक्ष पाहणीसाठी असावा, ही टेक्ससची जुनी अपेक्षा आहे. हट्ट धरायचा तर तिच्या अंमलबजावणीचा धरावा.

पण हस्तकार्याच्या भक्तांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. हात चालले की डोकं आपोआप चालतं, हा भाबडेपणा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये शुगर लँडमध्ये फोर्ट बेंडच्या शाळा-जिल्ह्याच्या एका केंद्राचं बांधकाम चालू असताना मानवी हाडं सापडली. पुढे ९५ जणांचे अवशेष निघाले. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही कैदी भाड्याने देण्याच्या पद्धतीत उसाच्या मळ्यांवर राबवलेली ही काळी माणसं होती. त्यांतला सगळ्यात लहान अंदाजे चौदा वर्षांचा. म्हणजे आठवीचा. त्याचेही हात दिवसभर चालतच होते. उभं राहत होतं ते तंत्रशिक्षणाचं केंद्र होतं, हाताने काम शिकवण्यासाठीच. इथे थडगी असू शकतात, हे रेजिनाल्ड मूर नावाचा माजी तुरुंगरक्षक वर्षानुवर्षं सांगत होता. जुने कागद आणि प्रत्यक्ष जागा जुळवून पाहण्याचं त्याचं काम शाळेला प्रकल्प म्हणून शोभलं असतं.

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हाही मुलांच्या कमाईवर शाळा चालवण्याची भीती टीकाकारांनी बोलून दाखवली होती, आणि ती रास्त होती. कामात प्रश्न कुणाचा आणि उत्तर तपासायचा हक्क कुणाचा, यावर ते शिक्षण की वेठ हे ठरतं. आपल्या पांढरपेशा घरांनी मात्र त्या टीकेतून सोयीचं तेवढं उचललं: हात मळवणं हे ज्यांना गणित जमत नाही त्यांचं काम. तो समज व्हिसाबरोबर इथवर आला.

तेव्हा शाळेत पालकांनी बोर्ड पाहू नये, वही मागावी. तारीखवार, खाडाखोड असलेली, फसलेल्या साच्याची मापंही जिच्यात आहेत अशी. गुण तिला द्या म्हणावं. बापाला त्यात एकच काम उरतं: होम डेपोतून वाळूची पिशवी आणून द्यायची. पन्नास पौंडांची असते, सहावीतल्या मुलाला उचलवत नाही.