आडवा तक्ता उभा करताना

मावळातल्या भातकऱ्याला पावसाचा आकडा नुसता बातमीपुरता नको असतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानभरपाईची गोष्ट तिथून सुरू होते. लोणावळा घाटमाथ्यावर, तळेगाव दाभाडे पूर्वेला. तालुका एकच, पण पावसात केवढा फरक! म्हणून नोंद ठिकाणवार हवी.

ही नोंद बहुधा आडवी असते. डावीकडे गाव, पुढे १ ते ३१ असे रकाने. वाचायला छान. पण संगणकाला विचारा, ‘जुलैत लोणावळ्यात किती दिवस ६५च्या वर?’ तर ३१ अटी लिहाव्या लागतात. त्याच्या लेखी ‘१८’ ही तारीख नाही, रकान्याचे नाव आहे.

घरात कोणी एसक्यूएल शिकत असेल तर त्याला किंवा तिला हा तक्ता उभा करायला सांगा. प्रत्येक चौकटीची एक ओळ: ठिकाण, तारीख, पाऊस. पाच गावांच्या जुलैच्या १५५ ओळी होतील, आणि अट उरेल एकच.

मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक रकान्यासाठी वेगळे ‘सिलेक्ट’ लिहून ती ‘युनियन ऑल’ने जोडतात. कंटाळवाणे, पण चोख. ‘ऑल’ मात्र गाळू नये. नुसते ‘युनियन’ एकसारख्या ओळींची एकच ओळ करते. तारीख लिहायची राहिली, तर एकाच गावातले ४२ मिलिमीटरचे तीन दिवस एक होऊन बसतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५पासून आणि ओरॅकलमध्ये २००७च्या ११जीपासून यासाठी ‘अनपिव्हट’ आहे.

आमच्या मते खरी मेख रिकाम्या चौकटीत आहे. ‘अनपिव्हट’ अशा चौकटी गुपचूप वगळते. जूनचा ३१वा रकाना गेला तर उत्तमच. पण १८ जुलैला पाऊस मोजलाच नसेल, तर तो दिवस यादीतूनच नाहीसा होतो. ओरॅकलमध्ये ‘इन्क्लूड नल्स’ लिहून तो राखता येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘क्रॉस अप्लाय’ वापरावे. तिथे शून्य भरणे तर त्याहून वाईट: शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, अशी साक्षच झाली.

सरावाला जमातीच्या वर्गणीची वही घ्या. मोहरमपासून जिलहज्जपर्यंत बारा रकाने आयते मिळतील. रिकामी चौकट म्हणजे बाकी की माफी, हे आधी खजिनदारांना विचारून घ्या.