डाव्या हाताचं एक बोट

घरच्या कीबोर्डवर रिदम सुरू करून डावीकडची एकच पट्टी दाबली, की बेस, गिटार, स्ट्रिंग्ज असा सगळा ताफा त्या स्वरावरची मेजर कॉर्ड धरून वाजू लागतो. बोट उचललं तरी तो थांबत नाही, दुसरी पट्टी दाबली की तिच्या कॉर्डवर जातो. यामाहावर या सोयीचं नाव सिंगल फिंगर, कॅसिओवर कॅसिओ कॉर्ड. बहुतेक मुलांची सुरुवात इथून होते आणि त्यातली बरीचशी वर्षानुवर्षं इथेच राहतात. या सोयीवरचा मुक्काम लवकर हलवावा, असं मला कळकळीनं सांगायचं आहे.

मदत घेणं म्हणजे फसवणूक, हा हार्मोनियम शिकवणाऱ्या काही जाणत्यांचा आक्षेप मला मान्य नाही. अकॉर्डियनच्या डाव्या बाजूचं एक बटण सबंध कॉर्ड वाजवतं आणि ही रचना एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. हॅमंड कंपनीनं 1950 मध्ये घरगुती कॉर्ड ऑर्गन काढला, त्यावर डाव्या हातासाठी 96 बटणं होती. मात्र तिथे मेजरचं बटण वेगळं, मायनरचं वेगळं. कुठलं दाबायचं, ते वाजवणाऱ्याच्या कानानं ठरवायचं. मदत बोटांना होती, कानाचं काम कानाकडेच होतं. सांधे आखडलेल्या किंवा एकाच हातानं वाजवणाऱ्या माणसाला एका बोटाची कॉर्ड संगीताचं दार उघडून देते. त्यांनी ती आयुष्यभर वापरावी. माझा प्रश्न धडधाकट बोटांच्या दहा वर्षांच्या मुलाचा आहे.

सिंगल फिंगरमध्ये मायनर कशी वाजते ते पाहा. यामाहावर मूळ पट्टी आणि तिच्या डावीकडची सर्वांत जवळची काळी पट्टी एकत्र दाबायची. कॅसिओवर मूळ पट्टी आणि तिच्या उजवीकडची कुठलीही एक. उजवीकडच्या दोन दाबल्या तर सेव्हन्थ, तीन दाबल्या तर मायनर सेव्हन्थ. म्हणजे तिथे फक्त पट्ट्या मोजल्या जातात, कुठला स्वर दाबला याला अर्थच नाही. पांढरी एकचा सा धरून यामाहावर मध्यमाची मायनर हवी असेल, तर मूल कोमल गंधार आणि मध्यम दाबतं आणि ऐकू येतात मध्यम, कोमल धैवत, षड्ज. हात एक स्वर सांगतो, कान दुसराच ऐकतो. सरगम शिकलेल्या मुलाच्या डोक्यात यानं किती गोंधळ होत असेल! वाद्याची कंपनी बदलली की ही खूणही बदलते. सा, कोमल ग, प हे तीन स्वर मात्र कुठल्याही कीबोर्डवर, पियानोवर, आजोबांच्या पेटीवरही मायनरच वाजवतात.

आपल्या गाण्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. मालकंसातली चाल वाजवताना डाव्या हातानं नुसता सा दाबला, की साथीत शुद्ध गंधार आणि पंचम घुसतात. एक त्या रागात नाही, दुसरा तर पूर्ण वर्ज्य. गंमत अशी की कोमल धैवताची एक पट्टी दाबली तर कोमल ध, सा, कोमल ग अशी मालकंसात चपखल बसणारी मेजर कॉर्ड मिळते आणि मध्यमाची मायनरही तितकीच शोभते. हे मुलाला कोणी सांगितलं, तर ते स्वतःच शोधत सुटेल. पण क्लासच्या वहीत सरगमच्या वर सी, एफ, जी अशी अक्षरं लिहून दिली जातात आणि साथ बेसूर का लागते याचा विचारच होत नाही.

अलीकडच्या यामाहांवर स्मार्ट कॉर्ड आली आहे. गाण्याची स्वरपट्टी आणि संगीतप्रकार आधी निवडायचा, मग एका बोटावर त्या पट्टीत बसणारी कॉर्ड वाद्य स्वतः ठरवतं. सोय हुशार आहे, पण तिचा हिशोब पाश्चात्त्य स्केलचा. पांढरी एकवरचा यमन सी पट्टी निवडून वाजवला, तर रिषभावर साधारणपणे मायनर मिळते आणि तिच्यात शुद्ध मध्यम असतो. यमनाचा जीवच तीव्र मध्यमात! अशा वेळी एक शार्प असलेली स्वरपट्टी निवडावी, म्हणजे रिषभावर तीव्र मध्यम असलेली मेजर येते. भैरवीसाठी चार फ्लॅटची. शिकवणाऱ्यांनी एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी रागांवरच्या चालींभोवती कॉर्ड रचल्या. कुठल्या स्वराखाली काय ठेवायचं, काय अजिबात ठेवायचं नाही, हा निर्णय त्यांच्या कानाचा होता. आज तोच निर्णय आपण मुलाच्या हातून काढून घेतो, तेही त्यानं तो एकदाही घेऊन पाहण्याआधी.

म्हणून यामाहा असेल तर पहिल्याच आठवड्यात मल्टी फिंगर लावा. त्यात एका बोटाची खूणही चालते आणि तीन बोटांची खरी कॉर्डही, त्यामुळे मूल अडून बसत नाही. कॅसिओवर थोड्याच दिवसांत फिंगर्डवर, म्हणजे कॉर्डचे खरे स्वर दाबायच्या पद्धतीवर या. मग रिदम बंद ठेवून सा, ग, प धरायला सांगा आणि मधलं बोट कोमल गंधारावर सरकवायला लावा. सरगम येणाऱ्या मुलाला हा फरक समजावून द्यावा लागत नाही, ते तो ओळखतं. रागात गंधाराचीच अडचण असेल, तर बऱ्याच यामाहांच्या फिंगर्ड पद्धतीत नुसता सा आणि प धरता येतो. साथ मग मेजरही होत नाही, मायनरही नाही, तानपुऱ्याच्या जवळ जाते. माहितीपुस्तिकेतल्या कॉर्डच्या तक्त्यात ती एक अधिक पाच अशी छापलेली असते.