गाडी तापते? आधी पंखा बघा



उन्हाळा तोंडावर आला की आपल्या वयस्कर मंडळींची एक तक्रार हमखास कानावर येते, "गाडी तापते हो, आता विकूनच टाकतो." गाडी १५-२० वर्षांची, छोटी. पण बाजारहाट, डॉक्टर, नातवंडांची शाळा, सगळं तिच्यावरच चालतं. ती भंगारात घालण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. पुष्कळदा दोष इंजिनात नसतोच, रेडिएटरच्या पंख्यात असतो.

मुलांनो, हे तुमच्यासाठी. आजोबा गरम चहा बशीत ओतून फुंकर मारतात, बघितलंय ना? रेडिएटर म्हणजे ती बशी. इंजिनातलं तापलेलं पाणी त्याच्या बारीक नळ्यांतून जातं, वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. गाडी धावताना वारा आपोआप लागतो. गाडी थांबली की वारा बंद, मग फुंकर मारायचं काम पंख्याचं.

मुंबईत ज्यांनी फियाट पद्मिनी चालवली त्यांना आठवेल, तिचा पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू तर पंखा चालू. नंतरच्या छोट्या गाड्यांत पंख्याला विजेची मोटर आली. पाणी साधारण ९५ डिग्रीच्या आसपास गेलं की तो सुरू होतो, थोडं निवलं की थांबतो. म्हणून पंखा थांबलेला दिसला की लगेच तो बिघडला असं समजू नका.

खरा प्रश्न हा, की काटा चढतो कधी? अयालोनवर पकाकमध्ये अडकलात की काटा वर, आणि रस्ता मोकळा झाला की खाली, तर संशय पंख्यावर घ्या. मोकळ्या रस्त्यावरही काटा चढतच असेल तर पाणी कमी असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, रेडिएटर चोंदला असेल किंवा पाण्याचा पंप गेला असेल. तिथे पंखा बदलून काही उपयोग नाही. आणखी एक खूण म्हणजे गाडी उभी असताना मझगान गार हवा देत नाही, चालू लागली की देतो.

आता तपासणी. इंजिन थंड असताना गाडी चालू करून मझगान लावा. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. नाही फिरला तर पुढे या क्रमाने बघायचं:

१. फ्यूज. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा कधीच नाही. पुन्हा जळला तर मोटर अडकत असेल किंवा तारेत शॉर्ट असेल.

२. रिले. पेटीत अगदी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघता येते.

३. मोटर. हे काम मुसाखवाल्याचं. पंख्याचा प्लग काढून तो मोटरला बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट थेट देतो. पंखा फिरला तर मोटर ठीक, दोष स्विच, सेन्सर किंवा तारांत. नाही फिरला तर मोटर गेली. लाकडाने हलकेच ठोकल्यावर फिरू लागली, तर आतले कार्बन ब्रश झिजलेत असं समजा.

पंखा फक्त जोरात फिरतो, हळू फिरतच नाही, असं असेल तर बहुधा रेझिस्टर जळलेला असतो.

आता सावधगिरी. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो. ओढणी, पदर, बांगड्या, लहान मुलांचे हात, सगळं दूर ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी अंगावर उडेल. कूलंटची बाटलीही मुलांपासून आणि मांजरांपासून लांब ठेवा, ते चवीला गोड पण विषारी असतं.

रस्त्यात काटा चढू लागला तर मझगान बंद करा, हीटर पूर्ण लावा आणि सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या. हमसीनमध्ये हीटर नकोसा वाटेल, पण इंजिनातली उष्णता तो बाहेर खेचतो. काटा लाल खुणेवर गेला की इंजिन तिथेच बंद करा. "घर जवळच आहे, पोचू कसेतरी" असं म्हणू नका. ॲल्युमिनियमचा सिलिंडर हेड वाकला, गॅस्केट गेली, तर दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीवर जातो.

मुसाखमध्ये गेलात की "गाडी तापते" एवढंच सांगून थांबू नका. "उभी असताना तापते, चालताना नाही, फ्यूज बघितला, ठीक आहे" असं सांगा. मोटर बदलायची म्हणाले तर आधी थेट बॅटरीवर फिरवून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. दोष फक्त रिलेत निघाला तर खर्च थोडक्यात भागेल, आणि नातवंडांची शाळेची गाडी पुन्हा रस्त्यावर येईल.