फिशटँकमधले मासे तळ्यात सोडू नका

मे-जून हे अमेरिकेत घरं बदलण्याचे महिने. शाळा सुटतात, लीज संपते, नोकरी दुसऱ्या राज्यात जाते. सोफा कुणीतरी घेऊन जातं, कुंड्या शेजारच्यांकडे पोचतात आणि अगदी शेवटी प्रश्न उरतो तो मुलांच्या फिशटँकचा. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "मागच्या तळ्यात सोडून देऊ, बिचारे जगतील तरी." अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला माझी कळकळीची विनंती आहे की, हे कृपया करू नका. या उन्हाळ्यात नको आणि पुढेही कधी नको.

अशा भूतदयेची किंमत मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावाने मोजली आहे. मे २००२ मध्ये तिथल्या एका लहानशा तळ्यावर गळ टाकून बसलेल्या माणसाला अनोळखी मासा लागला. लांबट अंग, सापासारखं डोकं, जबड्यात दात. त्याने फोटो काढला आणि मासा परत पाण्यात सोडला. तो फोटो राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे गेला आणि ओळख पटली: नॉर्दर्न स्नेकहेड, मूळचा चीन, कोरिया आणि पूर्व रशियाकडचा. उन्हाळ्यात त्याच तळ्यात त्याची पिल्लंही सापडली. चौकशीत निघालं ते असं. एका गृहस्थाने आजारी बहिणीला सूप करून देण्यासाठी न्यूयॉर्कच्या बाजारातून दोन जिवंत मासे आणवले होते. मासे येईपर्यंत बहीण बरी झाली. त्याने ते टँकमध्ये पाळले आणि पुढे त्यांना पोसणं जड जाऊ लागलं तेव्हा तळ्यात सोडून दिले. त्यात वाईट हेतू कुठेच नव्हता. पण सप्टेंबरमध्ये सरकारला त्या तळ्यात रोटेनोन हे विष टाकावं लागलं. सहा मोठे स्नेकहेड आणि हजारावर पिल्लं मेलेली निघाली. तळ्यातले इतर मासेही त्यांच्याबरोबर गेले. इतकी घाई करावी लागली, कारण लिटल पटक्सेंट नदी तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

आपला मरळ याच कुळातला. आठवडी बाजारात पाण्याबाहेर काढलेला मरळ कितीतरी वेळ जिवंत राहतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. हे मासे हवेतून श्वास घेतात, म्हणूनच ते जिवंत विकणं सोपं आणि नको त्या पाण्यात पोचणंही सोपं. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने लेसी कायद्याखाली या अख्ख्या कुळाच्या जिवंत माशांची आयात आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहतूक बंद केली. त्यात मरळही आला. तेव्हा गावाकडच्या चवीसाठी जिवंत मरळ मिळवण्याच्या खटपटीत कुणीही पडू नये.

खरी धक्कादायक गोष्ट पुढे घडली. एप्रिल २००४ मध्ये मेरीलँडमध्येच व्हीटनच्या पाइन लेकमध्ये एक स्नेकहेड मिळाला. ते तळं उपसून पाहिलं, पण दुसरा सापडला नाही. मे महिन्यात पलीकडे व्हर्जिनियात पोटोमॅक नदीला मिळणाऱ्या लिटल हंटिंग क्रीकमध्ये मासेमारी करणाऱ्याच्या गळाला आणखी एक लागला आणि मग एकामागून एक लागतच गेले. क्रॉफ्टनचेच मासे निसटले असणार, असा तर्क कुणीही केला असता. स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञांनी या माशांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे एका मादीच्या सगळ्या लेकरांत तो सारखा असतो आणि पुढेही मुलीच्या वंशातून तसाच उतरतो. पोटोमॅकच्या माशांचा डीएनए क्रॉफ्टनच्या माशांशी जुळला नाही. म्हणजे पोटोमॅकचे मासे क्रॉफ्टनच्या मादीचे वंशज नव्हते. कुणीतरी दुसऱ्याने, दुसरीकडे, दुसऱ्या वेळी मासे सोडले होते.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. मासे एकाच ठिकाणाहून पसरले असते तर ती एक जागा बंद करून भागलं असतं. डीएनएने दाखवलं की असे हात अनेक आहेत. आज पोटोमॅकमध्ये स्नेकहेड कायमचा झाला आहे आणि चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या इतर नद्यांतही पोचला आहे. तिथे तो समूळ काढून टाकण्याची भाषा आता कुणी करत नाही.

मासा हाती लागला नाही तरी त्याचा माग काढण्याची विद्या आता आहे. मासा पोहताना त्वचेच्या पेशी, चिकट द्रव, विष्ठा पाण्यात सोडत जातो. बाटलीभर पाणी बारीक गाळणीतून काढायचं, गाळणीवर राहिलेला डीएनए वेगळा करायचा आणि हव्या त्या माशाचा अंश त्यात आहे का ते प्रयोगशाळेत पाहायचं. याला ई-डीएनए म्हणतात. शिकागोच्या कालव्यात २००९ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या डेव्हिड लॉज यांच्या चमूने याच पद्धतीने सिल्व्हर आणि बिगहेड कार्प शोधले. महाराष्ट्रातले मत्स्यशेतकरी सिल्व्हर कार्पला चंदेरी म्हणून ओळखतात. १९७० च्या दशकात आर्कान्सामध्ये शेततळी स्वच्छ ठेवायला आणलेले हे मासे निसटून मिसिसिपीभर पसरले. १९०० मध्ये सुरू झालेला शिकागोचा कालवा मिसिसिपीचं खोरं पंचमहासरोवरांना जोडतो, म्हणून रोमिओव्हिलजवळ पाण्यात विजेचा अडसर उभा केलेला आहे. ई-डीएनए त्या अडसराच्या पलीकडे, सरोवराच्या बाजूला सापडला. जून २०१० मध्ये तिकडच्याच कॅल्युमेट सरोवरात एक जिवंत बिगहेड कार्प जाळ्यात आला.

अर्थात ही पद्धत अंतिम निकाल देत नाही. मेलेल्या माशाचा, पक्ष्याच्या विष्ठेतला किंवा बार्जच्या तळाला चिकटून आलेला डीएनएही पाण्यात मिळू शकतो. ती धोक्याची सूचना आहे आणि त्यानंतर जाळी टाकून शोधावंच लागतं. शिवाय नमुने किती ठिकाणी घेणार? मोठ्या नद्या आणि कालव्यांवर पथकं जातात. तुमच्या वसाहतीमागच्या पावसाळी पाण्याच्या तळ्यावर कुणी येत नाही. क्रॉफ्टनचा पहिला मासा कुणा शास्त्रज्ञाने पकडला नव्हता आणि लिटल हंटिंग क्रीकचाही नाही. दोन्ही वेळी मासा गळ टाकून बसलेल्या साध्या माणसाच्या हाती लागला. म्हणून आपली गरज आहे.

तुम्ही किंवा तुमची मुलं मासे पकडत असाल तर हे लक्षात ठेवा. अमेरिकेचा स्वतःचा बोफिन मासा स्नेकहेडसारखाच दिसतो आणि गैरसमजातून हकनाक मारला जातो. मासा उलटा करून पोटाकडे पाहा. शेपटीआधीचा खालचा पर बोफिनचा आखूड असतो. स्नेकहेडचा तोच पर लांबलचक, अंगाच्या जवळजवळ अर्ध्या भागाला झालर लावल्यासारखा असतो. २०१९ मध्ये ग्विनेट काउंटीच्या एका तळ्यात स्नेकहेड सापडला तेव्हा जॉर्जियाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने लोकांना सांगितलं होतं: परत सोडू नका, ताबडतोब मारा, गोठवा, फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि आम्हाला कळवा. गोठवण्याला कारण आहे. गोठवलेल्या माशाच्या परातला नखाएवढा तुकडासुद्धा तो कुठल्या वंशाचा हे सांगू शकतो, पण त्यासोबत जागा आणि तारीख नसेल तर त्या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक राज्याचे नियम थोडे वेगळे आहेत, ते आधी वाचून ठेवा. संशयित मासा जिवंत घरी मात्र कधीही आणू नका.

टँकमधल्या माशांना दुसरे मार्ग आहेत. ज्या दुकानातून घेतले तिथे विचारा, कित्येक दुकानं मासे परत घेतात. शाळा, वाचनालय, दवाखाना यांना टँकसकट देता येतात. काहीच जमलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. आणि गोल्डफिश लहान असतो म्हणून तो सोडला तरी चालतो, असं समजू नका. २०२१ च्या जुलैमध्ये मिनेसोटाच्या बर्न्सव्हिल शहराने तळ्यातून काढलेले फुटबॉलएवढे गोल्डफिश दाखवून नागरिकांना हात जोडले होते. टँकमधलं पाणी आणि वनस्पतीही ओढ्यात किंवा पावसाळी गटारात ओतू नका.

यात परक्या देशाच्या पाण्याची काळजी आपण का करावी, असं कुणाला वाटत असेल तर उजनी आठवा. भीमेच्या त्या जलाशयात चिलापीचं राज्य कसं झालं हे भिगवणच्या मच्छीमारांना विचारा. चिलापीही बाहेरून आणलेलीच.

महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक थेट मागणी आहे. उन्हाळी सहली बहुतेक तळ्याकाठीच होतात. त्या निमंत्रणात दोन ओळी घाला: पाळलेला मासा कोणत्याही पाण्यात सोडू नये आणि अनोळखी मासा लागला तर परत सोडू नये. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर 'टँक देणे-घेणे' असा एक धागा सुरू करा. घर बदलणाऱ्या कुटुंबाला नवा मालक आठवडाभरात मिळेल. हे काम सामान बांधायला घेण्यापूर्वी, याच आठवड्यात करा.