केंब्रिजला न गेलेला मुलगा

घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असेल, तर त्याच्या ईयरफोनमधून बाहेर झिरपणारी धडधड आई-वडिलांच्या चांगलीच ओळखीची असते. शब्द कळत नाहीत, आणि एखादा कळलाच तर वाटते, कळला नसता तर बरे झाले असते. "काय ऐकतोस रे हे?" असे विचारले की उत्तर येते, "रॅप आहे अम्मी, तुला नाही कळणार."

या सदरातून आम्ही एरवी आलिम, शास्त्रज्ञ, समाजसेवक यांच्याविषयी लिहितो. या महिन्यात लंडनच्या एका रॅपरविषयी लिहीत आहोत. तो मुसलमान नाही. त्याच्या गाण्यांत शिव्या आहेत. संगीताबद्दल आपल्या घराघरांत किती मतभेद आहेत, हेही आम्ही जाणतो. तेव्हा आधीच सांगतो, त्याची गाणी ऐका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. या माणसाने इल्मसाठी जे केले, ते आपल्या कानावर जावे, एवढाच हेतू आहे.

स्टॉर्मझी हे त्याचे रंगमंचावरचे नाव. खरे नाव मायकेल ओवुओ. जन्म २६ जुलै १९९३, दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचा. आई अबिगेल मूळची आफ्रिकेतल्या घाना देशाची. वडिलांची साथ नव्हती. दोन मुली आणि दोन मुलगे या माऊलीने एकटीने वाढवले. साऊथ नॉरवुडच्या साध्या वस्तीत हा मुलगा मोठा झाला. अकराव्या वर्षापासून तो मित्रांबरोबर वस्तीतल्या युथ क्लबमध्ये रॅप करू लागला होता.

शाळेत तो खोडकर होता, पण अभ्यासात हुशार. सोळाव्या वर्षी तिकडे जी परीक्षा होते, आपल्या दहावीसारखी, तिच्यात त्याने सहा विषयांत 'ए स्टार' ही सर्वांत वरची श्रेणी मिळवली. तू ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाऊ शकतोस, असे त्याचे शिक्षक त्याला नेहमी सांगत. त्याने स्वतःच ही आठवण पुढे जाहीरपणे सांगितली आहे. पण बारावीच्या दर्जाच्या परीक्षेत तो घसरला. विद्यापीठाचे दार तिथेच बंद झाले. मग एक अप्रेंटिसशिप केली आणि साऊथहॅम्प्टनच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात सुमारे दोन वर्षे गुणवत्ता तपासणीची नोकरी केली. अशी मुले आपल्याही मोहल्ल्यात दिसतात. दहावीला पेढे वाटले जातात आणि दोन वर्षांनी तो कुठे आहे, हे कोणी विचारत नाही.

तो ज्या प्रकारचे गाणे गातो त्याला 'ग्राइम' म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी मळ, काजळी. २००० नंतरच्या दोन-चार वर्षांत पूर्व लंडनच्या सरकारी घरांच्या वसाहतींत हा प्रकार जन्माला आला. घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर ताल बनवायचा, मिनिटाला १४० ठोक्यांचा, आणि त्यावर आपल्या वस्तीची हकिगत भरभर म्हणायची. मोठी रेडिओ केंद्रे या पोरांना विचारत नव्हती, म्हणून इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना लावून विनापरवाना रेडिओ चालत. २००३ साली डिझी रास्कल या पोरसवदा गायकाच्या पहिल्याच अल्बमला तिथला मानाचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला याचा पत्ता लागला.

संशय मात्र सुटला नाही. लंडनच्या पोलिसांनी २००५ साली '६९६ नंबरचा फॉर्म' आणला. कार्यक्रम ठेवायचा तर कलाकारांची माहिती आधी भरून द्यायची. सुरुवातीला त्या फॉर्मात प्रेक्षक कोणत्या वंशाचे असतील, हेही विचारलेले होते. या फॉर्मामुळे ग्राइमचे कितीतरी कार्यक्रम रद्द झाले. शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये तो फॉर्म बंद करण्यात आला. नावावरून आणि वस्तीवरून माणूस जोखला जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

स्टॉर्मझीने नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ गाण्याला वाहून घेतले. २०१५ साली एका बागेत, मित्रांच्या घोळक्यात उभे राहून त्याने एक गाणे साध्या कॅमेऱ्यावर चित्रित केले. ना महागडा सेट, ना दिवे. ते गाणे यूट्यूबवरून देशभर पोहोचले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहा गाण्यांत जाऊन बसले. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला ग्राइमचा हा पहिला अल्बम. नाव 'गँग साइन्स अँड प्रेअर', म्हणजे टोळीच्या खुणा आणि प्रार्थना. वस्तीतली गुंडगिरी आणि आईने शिकवलेली ईश्वरभक्ती, दोन्ही त्याच्या आयुष्यात होते आणि दोन्ही त्याने लपवले नाही. तो ख्रिस्ती आहे, आणि आपल्या यशाचे श्रेय देवाला आहे, हे भर स्टेजवर सांगायला तो लाजत नाही.

त्याच वर्षी १४ जूनच्या रात्री लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली इमारत पेटली. रमजानचा महिना होता. सहरीसाठी जागे असलेल्या मुस्लिम रहिवाशांनी दारे ठोठावून शेजाऱ्यांना उठवले, हे आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा वाचले असेल. त्या आगीत ७२ जीव गेले. त्यांत मुस्लिम कुटुंबे बरीच होती. इमारत गरिबांची होती आणि बाहेरून लावलेले आवरण ज्वालाग्राही होते. पीडितांसाठी कलाकारांनी मिळून एक मदत-गीत काढले, त्यात स्टॉर्मझी होता. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात त्याच्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला. त्याच सोहळ्यात, सगळा देश टीव्हीवर पाहत असताना, त्याने पंतप्रधान थेरेसा मे यांचे नाव घेऊन ग्रेनफेलच्या पैशांचे काय झाले, असा सवाल केला. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांच्या कार्यालयाला खुलासा द्यावा लागला. मरणारे कोणत्या धर्माचे, हे त्याने पाहिले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये, बारावीच्या दर्जाच्या परीक्षेचा निकाल लागला त्याच दिवशी, केंब्रिज विद्यापीठाने स्टॉर्मझीच्या नावाची शिष्यवृत्ती जाहीर केली. त्या वर्षी दोन आणि पुढच्या वर्षी दोन कृष्णवर्णीय ब्रिटिश विद्यार्थी. फी आणि राहण्याखाण्याचा खर्च मिळून प्रत्येकाला वर्षाला १८ हजार पौंडांपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १६ लाख रुपये, आणि तेही चार वर्षांपर्यंत. निवड विद्यापीठाची माणसे करणार. वशिल्याचा प्रश्नच नाही.

चार विद्यार्थी म्हणजे फार नाहीत, असे कोणी म्हणेल. पण पुढे काय झाले ते पाहा. केंब्रिजच्या पदवी अभ्यासक्रमांत २०१८ साली ६१ कृष्णवर्णीय ब्रिटिश विद्यार्थी दाखल झाले होते. २०१९ साली हा आकडा ९१ झाला. विद्यापीठाने याची कारणे अनेक दिली. तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेचे कामही त्यात होते. पण स्टॉर्मझीचा परिणामही त्यांनी मान्य केला. पैसे चौघांना मिळाले, पण 'ही जागा आपलीही आहे' हे कितीतरी घरांत पोहोचले. २०२१ मध्ये एक मोठी बँक या कामात सामील झाली आणि तीन वर्षांत आणखी ३० विद्यार्थ्यांची सोय झाली. याशिवाय नव्या लेखकांसाठी त्याने पेंग्विन या प्रकाशनसंस्थेबरोबर 'मर्की बुक्स' सुरू केले आणि २०२० साली दहा वर्षांत एक कोटी पौंड आपल्या समाजाच्या कामासाठी देण्याचे जाहीर केले.

हे सारे लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने मॅकडोनाल्ड्सशी जाहिरातीचा करार केला. गाझावरून या कंपनीवर अनेकांनी बहिष्कार टाकलेला होता, आणि पॅलेस्टाइनच्या बाजूने त्याने पूर्वी टाकलेली पोस्टही त्याच्या पानावरून दिसेनाशी झाली होती. चहूकडून टीका झाली. आपले मत बदललेले नाही, कोणतीही कंपनी आपल्याला काय बोलावे हे सांगत नाही, आणि पोस्ट या करारामुळे काढलेली नाही, असा खुलासा त्याने केला. आम्हाला तो करार पटलेला नाही. ग्रेनफेलसाठी पंतप्रधानांना भर सभेत जाब विचारणाऱ्याकडून वेगळी अपेक्षा होती. पण म्हणून त्या मुलांच्या पदव्या खोट्या ठरत नाहीत. माणसाच्या चुकीला चूक म्हणावे आणि त्याच्या नेकीला नेकी. मुलांना आवडणाऱ्या माणसाबद्दल बोलतानाही हाच न्याय लावला, तर मुले आपले ऐकतील. सरसकट 'वाया गेलेला' म्हटले की ती फक्त ईयरफोनचा आवाज वाढवतात.

शिक्षकी पेशात असल्यामुळे आमचे मन मात्र त्या एका वाक्यापाशी घुटमळते: तू केंब्रिजला जाऊ शकतोस. हे वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत. आम्ही शिक्षक ते बोलतो आणि निकालानंतर पुढच्या वर्गाकडे वळतो. स्टॉर्मझी स्वतः केंब्रिजला जाऊ शकला नाही, पण ते वाक्य त्याने लक्षात ठेवले आणि हातात पैसा आल्यावर दुसऱ्यांच्या मुलांसाठी खरे करून दाखवले. आपल्याकडे याला सदका-ए-जारिया म्हणतात, हे त्याला कदाचित ठाऊकही नसेल.

आपल्या समाजात देणारे हात कमी नाहीत. रमजानमध्ये जकात निघते, जूनमध्ये वह्या-दप्तरे वाटली जातात, दहावी-बारावीच्या मुलांचा शाल-ट्रॉफी देऊन सत्कार होतो. हे चांगलेच आहे, होत राहावे. पण वह्या ऑक्टोबरमध्ये संपतात आणि ट्रॉफीने कॉलेजची फी भरता येत नाही. शंभर मुलांना थोडे थोडे देण्याबरोबरच दोनच मुलांना, पण पदवी हातात पडेपर्यंत देणे, हे किती जमाती करतात?

यंदा निकालाच्या दिवसांत मोहल्ल्यातल्या चार-पाच कुटुंबांनी एकत्र बसावे. हक्काची, हुशार, पण पुढे अडेल अशी एक मुलगी आणि एक मुलगा निवडावा. निवड शाळेच्या शिक्षकांवर सोपवावी, म्हणजे नात्यागोत्याची कुजबुज होणार नाही. फी, खोलीभाडे, मेस, पुस्तके यांचा तीन-चार वर्षांचा हिशेब आधीच मांडावा आणि मगच हात घालावा. जकातीचे पैसे वापरायचे असतील तर मसला आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. आणि दरवर्षी त्या मुलांना एकदा घरी जेवायला बोलवावे, अभ्यास कुठवर आला ते विचारावे.

आणि हो, आज संध्याकाळी पोराच्या कानातला एक ईयरफोन काढून विचारा, "स्टॉर्मझी माहीत आहे का रे?" तो चमकून बघेल. मग त्याला केंब्रिजची गोष्ट सांगा.