सुई, केबल आणि केसरबाई

हाय-फायचे वेड लागलेली माणसे जमली की गाण्याआधी केबलवर बोलतात. महागड्या केबलने भैरवी अधिक खुलते, हे मला पटत नाही. रागावलेली पत्रे जरूर पाठवा. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले की मात्र फरक पडतो. भिंत आणि कोपरा खर्ज फुगवतात, मग डग्गा घुमायचा सोडून नुसता गुरगुरतो. खर्च शून्य, घरच्यांची परवानगी तेवढी हवी.

भैरवीचेच बोलायचे तर, गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरून तबकडीत कोरून अंतराळात गेली. ही तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. नासाने सोबत सुई आणि कार्ट्रिजही दिले आहे; ॲम्प्लिफायर आणि स्पीकर परग्रहवासीयांनी आपापले आणायचे.