अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना विम्याच्या खुल्या बाजारात का पाठवत नाहीत?

नोकरी सुटली की ऑफिसचा मेडिक्लेमही सुटतो, हे आपल्याला नवीन नाही. अमेरिकेत त्याचा फटका कितीतरी मोठा असतो. तिथे १५ कोटींहून अधिक लोकांचा आरोग्य विमा स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या तरी नोकरीशी बांधलेला आहे.

'ओबामाकेअर' आल्यावर ही गाठ सुटेल, असं अनेकांना वाटलं होतं. या कायद्याच्या आखणीत सहभागी असलेले डॉ. इझिकिएल इमॅन्युएल यांनी २०१४ मध्ये भाकीत केलं होतं, की २०२५पर्यंत खासगी क्षेत्रातल्या २० टक्क्यांहून कमी कर्मचाऱ्यांना कंपनीकडून पारंपरिक विमा मिळत असेल. तसं झालं नाही. का?

एक्स्चेंज म्हणजे काय?

ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झालेले हे विम्याचे सरकारी ऑनलाइन बाजार. वेगवेगळ्या कंपन्यांच्या योजना एकाच ठिकाणी पाहायच्या आणि आपली निवडायची. जुना आजार आहे म्हणून विमा नाकारता येत नाही. उत्पन्नानुसार हप्त्यावर सरकारी अनुदानही मिळतं. मात्र कंपनी परवडेल असा विमा देत असेल, तर हे अनुदान मिळत नाही.

कंपन्यांचं गणित काय?

केएफएफ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये कंपनीमार्फत घेतलेल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचारी भरत होता, बाकीचे कंपनी. एवढा खर्च डोक्यावरून उतरवायला कोणाला आवडणार नाही?

पण आडवे येणारे मुद्दे बरेच आहेत. ५० किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपनीने विमा दिला नाही, तर दंड बसू शकतो. कंपनी भरते त्या हप्त्यावर कर्मचाऱ्याला कर लागत नाही. तीच रक्कम पगारात दिली, तर कर कापला जातो. शिवाय बहुतेक मोठ्या कंपन्या विमा विकत घेतच नाहीत. उपचारांचा खर्च त्या स्वतः करतात आणि विमा कंपनी फक्त कागदपत्रं सांभाळते. आणि चांगला विमा नसेल, तर चांगली माणसं दुसरीकडे जातात.

मधला मार्ग कोणता?

कंपन्यांनी कडेकडेने प्रयोग केले. ट्रेडर जोज (२०१३) आणि टार्गेट (२०१४) यांनी अर्धवेळ कर्मचाऱ्यांचा विमा बंद केला आणि ५०० डॉलर हातावर ठेवून एक्स्चेंजचा रस्ता दाखवला. वॉलग्रीन्सने सुमारे १ लाख ६० हजार कर्मचाऱ्यांना खासगी एक्स्चेंजवर नेण्याची घोषणा केली. तिथे कंपनी ठरावीक रक्कम देते, योजना कर्मचारी निवडतो.

२०२०पासून कंपन्यांना आणखी एक सोय मिळाली. कर्मचाऱ्याने स्वतः विमा घ्यायचा आणि कंपनीने त्याचा हप्ता करमुक्त परत करायचा. 'इक्रा' या नावाने ती ओळखली जाते.

निवडीचं स्वातंत्र्य असं याला म्हटलं जातं. खरी मेख रकमेत आहे. कंपनीचा खर्च ठरलेला राहतो आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढला, तर वाढीव भार कर्मचाऱ्यावर पडू शकतो.

आता काय बदललंय?

२०२१ मध्ये वाढवलेलं अनुदान २०२५च्या अखेरीस संपलं. याच वादात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचं कामकाज ठप्प झालं होतं. ज्या बाजाराचे नियम संसदेतल्या भांडणावर हलतात, तिथे पूर्णवेळ कर्मचारी पाठवायला मोठ्या कंपन्या कचरणारच.

अमेरिकेत एच-वन बी व्हिसावर असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे जास्त नाजूक आहे. नोकरी गेल्यावर नवी शोधायला त्यांना साधारण ६० दिवस मिळतात आणि एक्स्चेंजवर नवा विमा घ्यायलाही ६० दिवसच. कंपनीचा जुना विमा 'कोब्रा' कायद्याखाली सहसा १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही स्वतःच भरावा लागतो. २०२७पासून या व्हिसाधारकांना एक्स्चेंजवरचं अनुदानही मिळणार नाही. त्यामुळे तिथली ऑफर हाती आली, की पगाराच्या आकड्याबरोबर विम्याचं पान नीट वाचलेलं बरं.